पाणी जातंय, पण सावकाश

दात घासून चूळ भरली की फेसाचं एक पांढरं वर्तुळ बेसिनच्या जाळीभोवती रेंगाळतं. आपण नळ बंद करतो, तोंड पुसतो, वळून बघतो, तरी ते तिथंच. मग कधीतरी खाली बसतं आणि बेसिनच्या अंगाला एक राखाडी रेघ सोडून जातं. ती रेघ ज्या दिवशी दिसली त्या दिवशी पाइप तुंबायला लागलेला नसतो. ते काम काही महिन्यांपासून चाललेलं असतं, आपल्याला पत्ता आत्ता लागतो.

या बाबतीत मी बरीच वर्षं अडाणी होते. पाणी अडलं की बाजारातून पाइप मोकळा करायच्या औषधाची एक बाटली आणायची, ओतायची, वाट बघायची. नाहीच गेलं तर दुसरी ओतायची. एकदा अशा दोन बाटल्या संपवून मग प्लंबरला बोलावलं. त्याने आल्या आल्या विचारलं, "आत काय काय ओतलंय?" मी सांगितलं तसा तो बेसिनपासून दोन पावलं मागे सरकला. ती दोन पावलं का, ते पुढे येईलच. त्याचा दुसरा प्रश्न होता, "फक्त इथंच अडतंय, की आणखी कुठं?" मला वाटतं, घरातल्या सांडपाण्याची निम्मी विद्या या दुसऱ्या प्रश्नात आहे. काय टाकायचं, कोणतं हत्यार घ्यायचं हे सगळं नंतर. आधी अडलंय कुठं ते शोधायचं.

नळाचं पाणी आणि मोरीचं पाणी

नळातलं पाणी दाबाने येतं. वरची टाकी किंवा पंप त्याला मागून ढकलत असतो. सांडपाण्याला असं ढकलणारं कुणी नाही. ते स्वतःच्या वजनाने, उताराच्या जोरावर जातं, म्हणून आडव्या पाइपाला ढाळ द्यावा लागतो. साधारण हिशेब एका मीटरला दोन सेंटिमीटरचा. एवढ्या ढाळावर पाणी असं धावतं की बारीक गाळही सोबत घेऊन जातं. ढाळ कमी पडला की पाणी रेंगाळतं आणि गाळ तळाला बसतो. दाबच नसल्यामुळे या पाइपात एवढासा अडथळाही पुरतो. नळाच्या पाइपात तेवढा अडथळा असता तर पाण्याने तो उडवून लावला असता.

दुसरी गोष्ट हवेची. भरलेली बाटली एकदम उलटी करून बघा. पाणी सरळ ओतलं जात नाही, गुडगुड करत थांबत थांबत पडतं, कारण बाहेर पडणाऱ्या पाण्याची जागा घ्यायला त्याच तोंडातून हवा आत शिरत असते. सांडपाण्याच्या पाइपाचंही तसंच. म्हणून तो कधी पूर्ण भरून वाहू नये अशी त्याची जाडी ठरवतात, आणि मुख्य उभ्या पाइपाचं वरचं टोक छताच्या वर उघडं सोडतात. हा वेंट पाइप. त्याच्या तोंडात पाखराने घरटं केलं किंवा पालापाचोळा जाऊन बसला, तर खालच्या पाइपात काडीचाही अडथळा नसताना पाणी सावकाश जातं आणि सिंक प्रत्येक वेळी गुडगुडतं. अशा वेळी पाइपात कितीही औषध ओता, काही फरक पडत नाही. दुखणं छतावर असतं.

आता जरा गणित. बेसिनखालचा पाइप आतून ४० मिलिमीटरचा धरा. त्याला चारही बाजूंनी ५ मिलिमीटरचा चिकटा बसला तर मोकळी जागा उरते ३० मिलिमीटर. व्यास कमी झाला पाव भागाने, पण पाणी वाहून नेण्याची ताकद अर्ध्याच्याही खाली येते. एकतर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं, शिवाय पाण्याचा जास्त हिस्सा भिंतींना घासत जायला लागतो. त्यात ती भिंत आता गुळगुळीत राहिलेली नसते, तिला लव फुटलेली असते. म्हणून पहिले काही महिने काहीच जाणवत नाही आणि मग आठवडाभरात सगळं बिनसल्यासारखं वाटतं.

तो वाकडा तुकडा

बेसिनच्या खाली वाकून बघितलं तर पाइप सरळ भिंतीत गेलेला दिसत नाही. तो आधी खाली उतरतो, वळून वर येतो आणि मग आत जातो. काही ठिकाणी या वळणाऐवजी प्लास्टिकची किंवा पितळेची एक वाटी असते, तिला बॉटल ट्रॅप म्हणतात. मोरीतल्या जाळीखाली असाच एक ट्रॅप फरशीत पुरलेला असतो. काम सगळ्यांचं एकच: बोटभर पाणी कायम धरून ठेवायचं. साधारण पाच सेंटिमीटर उंचीचा हा पाण्याचा पडदा गटारातला वास, वायू आणि किडे घरात येऊ देत नाही.

ही अक्कल लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांची. १७७५ साली त्यांनी फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात इंग्रजी एस अक्षरासारखं वळण होतं. पाइप वाकवून त्यात पाणी अडकवायचं, बस्स. अडीचशे वर्षं झाली, आजही घराघरांत तीच युक्ती आहे. आणि ती चुकली तर काय होतं तेही आपल्या डोळ्यांसमोर घडून गेलंय. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या इमारतींच्या समूहात तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यांत न्हाणीघराच्या फरशीतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक मोठं कारण होतं. फरशी पाण्याने धुणं कमी झालं होतं, त्यामुळे पडद्यातलं पाणी उडून गेलं होतं. तेव्हा पाहुण्यांच्या खोलीतली, महिनोन्‌महिने कुणी न वापरलेली मोरी वास मारत असेल तर ती तुंबलेली नाही, तहानलेली आहे. तांब्याभर पाणी ओता.

पण राखणदारालाच उष्टं-खरकटं खावं लागतं, तशी या वळणाची गत होते. पाणी इथे मंदावतं, वळतं, थांबतं. त्यामुळे जड काही खाली आलं तर पहिलं इथे बसतं.

काय अडकतं

न्हाणीघरात केस. माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळणं अगदी स्वाभाविक आहे, त्यातले पुष्कळसे अंघोळीच्या वेळी जातात. एकटा केस वाहून जाईल. पण जाळीच्या आतल्या दांडीला एक अडकला की त्याला दुसरा गुंडाळतो, आणि मग ते जाळंच होतं. त्यावर साबण येऊन बसतो. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून एक न विरघळणारा पांढुरका साका तयार करतात. बादलीच्या आत जी खरखरीत पुटं चढतात ती हीच. केसांचं जाळं, साबणाचा साका, टूथपेस्ट, अंगाचा मळ आणि या सगळ्यावर पोसलेले जंतू, असा तो काळा बुळबुळीत गोळा बनतो. वास त्या जंतूंचा.

स्वयंपाकघरातली गोष्ट वेगळी. तिथला खरा शत्रू तेल आणि चरबी. कढईतलं तेल गरम असताना पाण्यासारखं सुळकन जातं, म्हणून आपल्याला वाटतं गेलं. ते जात नाही. दोन-तीन मीटरवर पाइप थंड असतो, तिथे ते भिंतीला धरतं. त्यावर पिठाचा चिकटा, बारीक कण, त्यावर पुन्हा तेल. रस्त्याखालच्या मोठ्या गटारांत तर याचं पुढे एक प्रकारचं साबणच होतं: चरबी फुटून तयार झालेली आम्लं काँक्रीटमधल्या आणि पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळतात आणि दगडासारखे गोळे बनतात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली असा एक गोळा सापडला, लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला होता. लोक रांगेने बघायला गेले. माणसांना कशाची हौस असेल सांगता येत नाही.

संडासात मात्र बहुधा तिथे जायलाच नको होतं असं काहीतरी गेलेलं असतं. वेट वाइप्स, म्हणजे ती ओली पुसणी, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी कागदासारखे पाण्यात विरघळत नाहीत. कापूस, सॅनिटरी पॅड, दातांत फिरवायचा दोरा, मुलांची खेळणी. यादी मोठी आहे, उपाय एकच: डबा ठेवा.

अडलंय कुठं

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. यासाठी लागतात बादली, मग आणि घड्याळ.

आधी बघा, एकच जागा अडलीय की अनेक. फक्त बेसिन अडतंय आणि शेजारची मोरी झकास वाहतेय, तर अडथळा बेसिन आणि दोघांचा पाइप जिथे मिळतो त्या सांध्याच्या मध्ये कुठंतरी. बेसिन आणि मोरी दोन्ही सुस्त असतील तर सांध्याच्या पुढे. संडासात फ्लश ओढला आणि मोरीतून पाणी वर आलं, किंवा कपडे धुण्याच्या यंत्राने पाणी सोडलं आणि संडासातलं पाणी हललं, तर दुखणं मुख्य पाइपात. घरातली सगळ्यांत खालची जागा आधी बोलते, कारण पाणी खालच्या तोंडातूनच उलटतं.

एकच जागा अडली असेल तर ती किती लांबवर अडली आहे याचाही अंदाज बांधता येतो. पाणी जवळजवळ बंद झालेलं असेल, थेंबाथेंबानेच जात असेल तेव्हा ही युक्ती चांगली चालते. ४० मिलिमीटरच्या पाइपात एका मीटरला सव्वा लिटर पाणी मावतं. सगळं पाणी निथळून गेलं की मगाने मोजून पाणी ओतायला लागा. पहिल्याच मगात पाणी वर आलं, तर अडथळा हाताशी आहे, जाळीत नाहीतर ट्रॅपमध्ये. चार-पाच लिटर सुखाने गेले आणि मग एकदम पाणी चढलं, तर मधला पाइप भरला, म्हणजे अडथळा तीन-चार मीटर आत. पाइप मध्येच रुंद होत असेल तर आकडा चुकेल. पण "जवळ" आणि "लांब" एवढं कळलं तरी पुरतं, कारण जवळच्या अडथळ्याला हात आणि पाना लागतो, लांबच्याला स्प्रिंग, म्हणजे पाइपात सरकवायची तार.

हात घालायची वेळ

बेसिन आणि मोरी यांच्या बाबतीत दहातल्या बहुतेक वेळा काम पहिल्या वीतभरातच होतं. जाळी काढा, बूच उचलून येत असेल तर तेही काढा, टॉर्च मारा. केस दिसतील. तारेचा आकडा करून किंवा दोन्ही कडांना दाते असलेली प्लास्टिकची लवचीक पट्टी घालून ओढा. हळू ओढा, तुटू देऊ नका. हातभर लांबीचं काळं ओलं शेपूट वर येतं आणि त्यामागून पाणी एकदम "घळ्‌" करून जातं. किळस येते, पण खरं सांगायचं तर त्या आवाजाचं समाधान वेगळंच आहे.

इथे काही मिळालं नाही तर ट्रॅप उघडायचा. खाली बादली ठेवा. नुसतं भांडं नको, बादलीच, कारण वरचं साचलेलं पाणीही खाली येणार आहे. बॉटल ट्रॅपची वाटी सहसा हातानेच फिरते. फिरत नसेल तर फडकं गुंडाळून पकड वाढवा, पाना शेवटी, तोही हलक्या हाताने, नाहीतर प्लास्टिकचे आटे जातात. वाटी सुटली की पहिल्यांदा वास येतो, मग पाणी पडतं, मग सगळ्यांत शेवटी तो काळा गोळा थबकन बादलीत पडतो. मी पहिल्यांदा वाटी उघडली तेव्हा त्या गोळ्यात कानातल्याची फिरकी निघाली. ती मी कपाटामागे शोधली होती, गादीखाली शोधली होती, आणि घरात एकदोघांवर संशयही घेऊन झाला होता.

त्याच दिवशी केलेला दुसरा पराक्रम: बादली भरली म्हणून ती उचलली आणि सवयीने समोरच्या बेसिनमध्ये ओतली. बेसिनखाली पाइप नव्हता. तो माझ्या डाव्या हातात होता.

वाटी जुन्या ब्रशने घासून घ्या. त्यातला रबरी वॉशर कसा बसला होता ते काढतानाच नीट बघून ठेवा. निमुळता वॉशर उलटा बसला तर कितीही आवळा, गळणारच. बसवून झालं की बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. नुसता नळ चालू करून ठिपकणं कळत नाही. सांध्याभोवती कोरडा कागद फिरवा, ओलावा डोळ्यांना दिसायच्या आधी कागदाला कळतो.

ट्रॅप स्वच्छ निघाला तर अडथळा भिंतीत. मग पंप, म्हणजे तो दांडीवाला रबरी वाडगा. हा बहुतेक घरांत असतो आणि बहुतेक घरांत चुकीचा वापरला जातो. लोक कोरड्या मोरीवर ठेवून फटाफट दाबतात. त्याने हवा दबते आणि जोर हवेतच जिरतो. पाणी दबत नाही, ते जोर जसाच्या तसा पुढे पोचवतं. म्हणून वाडगा पूर्ण बुडेल एवढं पाणी आधी हवं. बेसिनच्या वरच्या बाजूला जे जादा पाण्याचं भोक असतं ते ओल्या फडक्याने गच्च बंद करा. दोन सिंक जोडून असतील तर दुसऱ्याचं तोंडही बंद करा. नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. वाडग्याच्या कडेला थोडं व्हॅसलीन लावलं तर पकड चांगली बसते. मग तिरका बुडवून आतली हवा जाऊ द्या, सरळ करा आणि पकड न सोडता पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा करा. ओढण्यावर जोर जास्त. दाबल्याने गोळा आणखी घट्ट बसू शकतो. मागे-पुढे हेलकावे बसले की तो सुटतो. संडासासाठी खाली नळीसारखी जास्तीची रबरी किनार असलेला पंप वेगळा असतो, आणि तो वेगळाच ठेवावा हे सांगायला नको.

त्याच्याही पुढे असेल तर स्प्रिंग: लांब लवचीक तार, टोकाला आकडा, मागे फिरवायला मूठ. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सॅम्युअल ब्लँक यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर लावून हीच कल्पना पाइपात शिरलेली झाडाची मुळं कापण्यापर्यंत नेली, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. घरगुती स्प्रिंग हाताची. तिच्याशी हाताने बोलावं लागतं. वळण आलं की टणक धक्का बसतो आणि मूठ फिरवली की टोक निसटून पुढे जातं. खरा अडथळा मऊ लागतो, टोक रुततं. तिथे थांबून फिरवत राहायचं, म्हणजे आकडा गोळ्यात शिरतो, आणि मग फिरवण्याची दिशा न बदलता सावकाश बाहेर ओढायचं. ती येताना जे घेऊन येते त्यासाठी जुनी फडकी आधीच अंथरून ठेवा. संडासाच्या भांड्यात ही साधी स्प्रिंग घालू नका, चिनी मातीवर काळे ओरखडे उठतात. त्यासाठी रबरी नळीचं संरक्षण असलेली आखूड स्प्रिंग मिळते.

ती दोन पावलं मागे का

बाटलीतलं औषध बहुधा कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असतं, कधी त्यात ब्लीच असतं, आणि काही औषधं चक्क सल्फ्युरिक ॲसिडची असतात. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की खूप उष्णता सुटते, चरबीचं साबण होतं आणि केसांतली प्रथिनं हळूहळू तुटतात. म्हणजे तत्त्व खोटं नाही. भानगड पुढची आहे. औषध अडथळ्याला भिडायला हवं. मध्ये दोन फूट पाणी उभं असेल तर ते पातळ होऊन जातं. पाणी थोडं आणि सोडा जास्त झाला तर सोड्याचाच दगड पाइपात बसतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे औषध चाललं नाही, तर ते आत तसंच राहतं. आता ट्रॅप उघडायचा म्हटला तर बादलीत साधं घाण पाणी पडत नाही, भाजणारा द्राव पडतो. पंप मारला तर तोच डोळ्यांत उडतो. सोड्यासारख्या अल्कलीची भाजणूक डोळ्यात आत आत उतरत जाते. प्लंबर दोन पावलं मागे सरकला तो यामुळे. त्याने आधी हातमोजे आणि चष्मा चढवला, मगच पाना हातात घेतला.

म्हणून माझा क्रम आता उलटा आहे. हात आणि हत्यारं आधी. औषध वापरायचंच तर पाणी अजून थोडं थोडं जातंय तेव्हा, बंद पाइपात कधीच नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं जवळ नको. सोड्याशी त्याची गाठ पडली की हायड्रोजन सुटतो, आणि तो पेट घेतो. अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरायचं आणि मग डॉक्टर. कुणी गिळलं तर उलटी करवायची नाही, जाताना जितकं भाजलं तितकंच येताना पुन्हा भाजेल.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: दोन औषधं एकत्र. संडास धुण्याच्या द्रावात पुष्कळदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यात ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र इथे खंदकांवर सोडलेला वायू तो हाच. बंद न्हाणीघरात त्याला फार लागत नाही. एक ओतलं, जमलं नाही, म्हणून दहा मिनिटांनी दुसरं ओतलं, हेही एकत्र करणंच झालं. मी नेमकं तेच केलं होतं. दोन्ही बाटल्या एकाच जातीच्या निघाल्या, यात माझी हुशारी काही नव्हती.

आता खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. हा उपाय सगळीकडे सांगितला जातो, कारण तो दिसायला फार छान आहे: ओतलं की फसफसून फेस वर येतो. पण फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सौम्य अल्कली आणि सौम्य आम्ल एकमेकांना मारतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने ना चरबी हलते ना केस. जाळीजवळचा हलका चिकटा थोडा सैल होईल एवढंच. त्यानंतर जे गरम पाणी ओता म्हणतात, काम बहुधा ते करतं.

गरम पाणीही उकळतं नको. पीव्हीसीचे पाइप साधारण ६० अंशांपर्यंत सुखात असतात. उकळत्या पाण्याची घागरच्या घागर गेली तर ते मऊ पडतात आणि सांधे ढिले होतात. संडासाच्या भांड्याला तर तडा जाऊ शकतो. स्वयंपाकघरातल्या तेलकट पाइपाला कडत पाणी आणि भांडी घासायचं द्रव साबण एकत्र ओता, आणि भरपूर ओता. थोडंसं ओतलं तर चरबी इथून वितळून दोन मीटर पुढे जाऊन थिजेल, म्हणजे हाताशी असलेलं दुखणं आपणच लांब नेऊन ठेवलं.

विकरं (एन्झाइम) आणि जिवाणू असलेली औषधंही मिळतात. ती चरबी आणि प्रथिनं हळूहळू खातात. रात्रभर पाणी न वापरता ठेवावी लागतात, ब्लीच किंवा उकळतं पाणी गेलं की मरतात, आणि पूर्ण बंद पाइपात उपयोगाची नाहीत. सुस्त पाइप आणखी सुस्त होऊ नये यासाठी ठीक.

मुख्य पाइप

फ्लश ओढल्यावर मोरी उलटली, तर आधी घरातलं पाणी वापरणं थांबवा. वरच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर त्यांनाही सांगा, नाहीतर त्यांची अंघोळ तुमच्या फरशीवर येईल. बाहेर चेंबर असतील तर झाकणं उघडून बघा. त्यासाठी काही विद्या लागत नाही: एक चेंबर गळ्यापर्यंत भरलेलं आणि पुढचं कोरडं दिसलं, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात. प्लंबरला फोनवर एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा तास वाचतो. पण बघायचं ते वरूनच. चेंबरात किंवा सेप्टिक टाकीत डोकंही घालायचं नाही. तिथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास मारतो आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजून उतरलेली माणसं वर येत नाहीत.

इथून पुढचं काम मोटरवाल्या स्प्रिंगचं किंवा दाबाच्या पाण्याचं. जुन्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून झाडाची मुळं ओलाव्याच्या शोधात आत शिरतात, केसांसारखी पसरतात आणि आलेला प्रत्येक कागद धरून ठेवतात. ती कापली तरी पुन्हा येतात. आणि कधीकधी अडथळा असा काही नसतोच. खालची माती खचून पाइप मध्येच खाली बसलेला असतो, त्या खोलगट भागात पाणी कायम उभं राहतं आणि गाळ साठतो. ओळखायची खूण अशी की साफ केल्यावर महिनाभर सगळं सुरळीत, मग पुन्हा त्याच जागी, पुन्हा तेवढ्याच अंतरावर स्प्रिंग रुतते. असं तिसऱ्यांदा झालं की पाइपात कॅमेरा घालून बघायला सांगा. ढाळच बिघडला असेल तर बाटली, पंप, स्प्रिंग सगळं बाजूला ठेवून फरशी कुठून फोडायची याचा हिशेब करायला बसावं लागतं.